सांगायचं की सोडून द्यायचं?

"अगं, त्याचा स्वभावच तसा आहे. मनावर घेऊ नकोस."

नोकरी करणाऱ्या बाईला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. बहुतेक वेळा ते दुसऱ्या बाईच्याच तोंडून येतं, आणि सांगणारीच्या मनात काही वाईट असतं असंही नाही. तिलाही दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी हेच सांगितलेलं असतं.

हा 'तसा स्वभाव' असलेला माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो साहेबच असतो असं नाही. उलट साहेबापेक्षा शेजारच्या टेबलावरचा, आपल्याच हुद्द्याचा सहकारी जास्त कोड्यात टाकतो. फाइल दाखवायच्या निमित्तानं तो खुर्चीमागे इतका खेटून उभा राहतो, की त्याचा श्वास मानेवर जाणवावा. "आज साडी? काय विशेष?" इथून सुरुवात करून हळूहळू ब्लाउजच्या गळ्यापर्यंत पोचतो. रात्री साडेअकराला 'झोपलीस का?' असा मेसेज टाकतो आणि उत्तर आलं नाही, तर सकाळी सगळ्यांदेखत "मॅडम रागावल्यात वाटतं आमच्यावर" म्हणून हसतो. यांच्यातच एक जात 'काकां'ची. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेली, तोंडात सतत 'बेटा, बेटा', आणि हात पाठीवर. तोही बापाचा हात कधी जाणार नाही अशा जागी.

यातली प्रत्येक गोष्ट सुटी करून सांगायला गेलं की अगदीच किरकोळ वाटते. मेख आहे ती इथेच. 'खांद्याला हात लागला', 'मेसेज आला', 'साडीबद्दल बोलला'. ऐकणारा म्हणतो, "एवढंच?" आणि आपल्यालाही क्षणभर वाटून जातं, की खरंच, एवढंच तर आहे! रोज सकाळी ऑफिसच्या पायऱ्या चढताना पोटात जो गोळा येतो, तो मात्र कुणाला दाखवता येत नाही.

मग सुरू होतो हिशेब. सांगावं की सोडून द्यावं?

गप्प बसणाऱ्या बाईला भित्री म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते कधीच पटलं नाही. ती भीत नसते, ती आकडेमोड करत असते. घरी सांगितलं तर पहिलं वाक्य येणार, "मग सोड ती नोकरी." म्हणजे चूक त्याची आणि घरी बसायचं मी! नवरा तापट असेल तर तो ऑफिसात येऊन कॉलर धरेल, त्याचा बभ्रा वेगळाच. कामावर सांगितलं तर बढतीची यादी महिन्यावर आलेली. कंत्राटावर असेल तर कंत्राट पुढे चालू ठेवणं कुणाच्या सहीवर अवलंबून आहे, हे तिला पाठ असतं. त्यात त्या माणसाच्या बायकोला आपण ओळखतो, गेल्या वर्षी हळदीकुंकवाला ती घरी येऊन गेली. त्याची मुलगी दहावीला आहे. गंमत बघा, त्याच्या मुलीच्या दहावीची काळजीसुद्धा आपणच करायची. त्यानं ती केलेली नसते.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तो माणूस कामाला चांगला असतो! मार्चअखेरीला आपल्यासाठी रात्री नऊपर्यंत थांबलेला असतो. आपलं मूल तापानं फणफणलं होतं तेव्हा आपलं काम त्यानंच उरकलेलं असतं. केलेल्या मदतीचं ओझं मानेवर असलं, की 'नको' हा शब्द घशातून बाहेर येत नाही.

ठाण्याच्या बाजूला एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीनं, ओळखू येईल ते सगळं गाळून. वय अडतीस, नोकरीला अकरा वर्षं. समोरचा तिच्याच हुद्द्याचा. सुरुवात विनोदांनी झाली, मग मेसेज, मग ऑगस्टमध्ये लिफ्टमध्ये कमरेला हात. "चुकून लागला असेल असं मी स्वतःलाच चार दिवस सांगत होते," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी परत तेच. मग मात्र मी त्याला तिथेच म्हटलं, हात काढा, मला हे चालणार नाही. तो हसला. म्हणाला, तुम्ही फार सीरियस घेता बुवा."

त्या रात्री तिनं एक काम केलं. दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, तारीख, वेळ, जागा आणि काय झालं ते चार ओळींत लिहून ठेवलं. तेव्हा तक्रार करायची असं तिनं ठरवलेलंही नव्हतं. "डोक्यातलं कुठेतरी उतरवून ठेवलं, बस." पुढचे दोन महिने ती लिहीत राहिली. एकीकडे दोन लिटर गाय, एक लिटर म्हैस, आणि उलटीकडून ही नोंद. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज तिनं पुसले नाहीत, त्यांचे फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवले. आणि ऑफिसातल्या एकीलाच, फक्त एकीलाच, सांगितलं.

घरी तिनं आधी नवऱ्याला नाही, सासूबाईंना सांगितलं. सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी पर्समध्ये पिना ठेवायचो आम्ही. तुमच्या वेळी समिती आहे म्हणतात, मग जा की!"

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. चौकशी झाली. समितीनं मेसेजचा भाग ग्राह्य धरला. लिफ्टमधल्या प्रकाराला साक्षीदार नव्हता, पण वहीतल्या तारखा आणि त्याच दिवसांत मैत्रिणीला सांगितलेलं जुळत होतं. त्याला लेखी ताकीद मिळाली, एक वेतनवाढ रोखली गेली आणि त्याची बदली दुसऱ्या मजल्यावर झाली. विजय वगैरे म्हणावा असं काही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत एकत्र डबा खाणाऱ्या सहाजणींपैकी तिघी वेगळ्या बसू लागल्या. एक म्हणाली, "संसारी माणूस आहे गं, एवढं ताणायला नको होतं." मी तिला विचारलं, परत तशी वेळ आली तर करशील? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "करेन. पण ऑगस्टमध्येच करेन."

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. पंचवीस वर्षांची मुलगी, पुण्यात पहिलीच नोकरी, अजून कायम व्हायची होती, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. तिनं सगळा विचार केला, दुसरी नोकरी शोधली आणि कुणालाही काही न सांगता निघून गेली. निरोपाच्या कार्डावर त्या माणसानंच सगळ्यात मोठा मजकूर लिहिला होता! तिनं तक्रार करायला हवी होती का? तिच्या जागी बसून ठरवायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही. पुढच्या मुलीला त्रास होऊ नये म्हणून तू लढ, असं तिला बाहेरून सांगणं मला जरा निर्दयपणाचं वाटतं. पुढच्या मुलीची जबाबदारी त्या कंपनीची होती. त्यात या मुलीनं जे केलं ते ठरवून केलं, हेही महत्त्वाचं.

कारण खरा घात होतो तो तिसऱ्या प्रकारात, ठरवायचंच राहून जातं तेव्हा. 'बघू', 'अजून एकदा झालं तर सांगू', 'दिवाळी होऊन जाऊ दे', 'लेकाची परीक्षा संपू दे'. असे महिने जातात. आणि इथे कायद्याचं एक घड्याळ टिकटिक करत असतं, ज्याचा पुष्कळ जणींना पत्ताच नसतो.

२०१३ च्या कायद्यानुसार (ज्याला आता सगळे 'पॉश' कायदा म्हणतात) तक्रार लेखी द्यावी लागते, आणि ती घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. उशिराचं कारण पटलं तर ते लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यापुढे नाही. पश्चिम बंगालमधल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेचं प्रकरण याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली होती आणि तक्रार दिली गेली डिसेंबर २०२३ मध्ये. त्यानंतर कामात झालेल्या त्रासाला न्यायालयानं लैंगिक छळाची पुढची कडी मानलं नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तक्रार मुदतीबाहेरची ठरली. मात्र ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या कुलगुरूंच्या कारकिर्दीच्या माहितीपत्रात या निकालाचा उल्लेख राहिला पाहिजे, असंही न्यायालयानं बजावलं. प्राध्यापिकेसारखी शिकलेली बाई तारखेवर अडते, तर बाकीच्यांची काय कथा! पोलिसांचा रस्ता वेगळा आहे, त्याला ही तीन महिन्यांची अट नाही. पण ऑफिसातल्या ऑफिसात हे मिटावं असं वाटणाऱ्या बाईला तेवढ्यासाठी पोलिस ठाण्याची पायरी चढणं किती अवघड असतं, ते सांगायला नको.

हे घड्याळ आपल्या हाती आलं तेही सहजासहजी नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण त्यांच्यामुळे जी याचिका उभी राहिली, तिच्यावर सर्वोच्च न्यायालयानं १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल दिला. तिघा न्यायमूर्तींच्या त्या पीठात न्या. सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. निकाल आला, पण कचेऱ्यांमधल्या समित्या कागदावरच राहिल्या, तेव्हा पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी पाठपुरावा केला. त्यांच्या नावानं ओळखला जाणारा निकाल ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. कायदा झाला २०१३ मध्ये, लागू झाला त्याच वर्षी ९ डिसेंबरला. म्हणजे भंवरीदेवींपासून मोजलं तर एकवीस वर्षं.

आता 'एवढंच?' या प्रश्नाकडे येऊ. कायदा नको असलेल्या वागण्याबद्दल बोलतो. नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील काही दाखवणं, आणि तशा स्वरूपाचं बोललेलं, न बोललेलं, कसलंही वागणं. त्याचा हेतू काय होता यापेक्षा तुम्हाला ते नको होतं का, हे आधी बघितलं जातं. "पण प्रत्यक्ष काही केलंच नाही ना?" या प्रश्नाला तर १९९९ मध्येच उत्तर मिळालंय. दिल्लीत निर्यात क्षेत्रातल्या एका परिषदेच्या अध्यक्षांचा खासगी सचिव. त्यानं १९८८ मध्ये एका टंकलेखक मुलीला डिक्टेशनच्या नावाखाली हॉटेलात नेलं आणि ती नको म्हणत असताना लगट करायचा प्रयत्न केला. मुलीनं काही दिवसांतच तक्रार दिली, चौकशी झाली, त्याला काढून टाकलं. उच्च न्यायालयानं म्हटलं, त्यानं प्रयत्न केला, प्रत्यक्ष विनयभंग केला नाही, त्याला कामावर परत घ्या. सर्वोच्च न्यायालयानं हे फिरवलं आणि त्याची बडतर्फी कायम केली. स्पर्श झालाच पाहिजे असं नाही, सगळा प्रसंग एकत्र बघायचा, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. साडीवरचा एक शेरा आणि शेरे, मेसेज, खुर्चीमागचं उभं राहणं अशी आठ महिन्यांची रांग, यात फरक आहे तो हाच. म्हणून तर ती वही!

दुसरी भीती, "सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच उलटेल." हे फार ऐकू येतं, आणि काही ऑफिसांत मुद्दाम ऐकवलं जातं. खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूद कायद्यात आहे, हे खरं. पण नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. दुष्ट हेतूनं केली, हे वेगळ्या चौकशीत शाबीत व्हावं लागतं. लिफ्टमध्ये तिसरं माणूस नव्हतं, हा काही आपला दुष्ट हेतू नव्हे.

आणि त्याच खोलीत, त्याच माणसासमोर चौकशीभर बसायचं? नाही. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्याची बदली करा, मला तीन महिन्यांपर्यंत रजा द्या, असं लेखी मागता येतं. ही रजा आपल्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. मागितल्याशिवाय मात्र हे मिळत नाही, आणि मागायचं असतं हे बहुतेकींना कुणी सांगत नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. वकील कुणालाच आणता येत नाही. नावं बाहेर फोडायची नसतात, फोडली तर पाच हजार रुपये दंड. (पाच हजारांत ऑफिसातली कुजबुज थांबते का, हा प्रश्न वेगळा.)

गप्प बसणं आणि समितीकडे जाणं यांच्या मधेही काही पायऱ्या आहेत. सरळ 'नको' म्हणणं ही पहिली. तोंडावर जमत नसेल तर मेसेज करून: 'असे मेसेज मला पाठवू नका. कामाचं असेल ते ऑफिसच्या वेळेत बोलू.' एवढ्या दोन ओळींनी निम्मे लोक वरमतात. न वरमणाऱ्यांच्या बाबतीत या दोन ओळी पुढे पुराव्याला उपयोगी पडतात. पण हेही सांगायला हवं, की बाईनं तेव्हा नको म्हटलं नाही म्हणून तिला ते हवं होतं, असं होत नाही. भर मीटिंगमध्ये टेबलाखालून पाय लागला तर कितीजणींना पटकन बोलता येईल?

साहेबांनी 'समज देणं' ही दुसरी पायरी. शेरेबाजीपुरतं असेल तर चालून जातं. हात लागण्यापर्यंत गेलं असेल तर मी तरी म्हणेन, तोंडी समजेवर भागवू नका. कारण तोंडी समजेची नोंद कुठेच राहत नाही. वर्षभरानं साहेबांची बदली होते, नव्या साहेबांना तो माणूस आदर्श कर्मचारी वाटतो. समेटाचंही तसंच. चौकशीआधी समेट करता येतो, पण बाईनं स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या मोबदल्यात मुळीच नाही. प्रत्यक्षात काय होतं? 'घरातलंच आहे, बसून मिटवू' असं म्हणत चारजण तिला खुर्चीवर बसवतात. अशा वेळी "मी समेट मागितलेला नाही" एवढं एकच वाक्य पुरतं, आणि ते लिहून दिलं तर उत्तमच.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे बघणारीबद्दल. पुष्कळदा त्रास आपल्याला नसतो, पलीकडच्या टेबलावरच्या नव्या मुलीला असतो आणि आपल्याला तो दिसत असतो. तिच्या वतीनं परस्पर तक्रार ठोकून मोकळं व्हायचं नाही. ती वयानं लहान असली तरी निर्णय तिचा आहे. तिला काही कारणानं स्वतः तक्रार देता येत नसेल, तर तिच्या लेखी संमतीनं घटना माहीत असलेली व्यक्ती ती देऊ शकते, अशी सोय नियमांत आहे. त्याआधी करण्यासारखं पुष्कळ असतं. तिला एकटीला गाठून "मी बघितलंय" एवढं म्हणावं. त्या दोन शब्दांनी काय होतं ते ठाण्याच्या त्या बाईला विचारा! त्याच्याबरोबर बाहेरगावी कामाला तिला एकटीला पाठवत असतील तर "मी जाते" म्हणावं. आणि समितीसमोर साक्षीला बोलावलं तर त्या दिवशी आजारी पडू नये.

छोट्या ठिकाणी काम करणाऱ्या म्हणतील, आमच्याकडे कसली आलीय समिती? दुकानात आम्ही चौघी. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे मालकानं अंतर्गत समिती नेमायलाच हवी, नाही नेमली तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. त्याहून लहान जागा असेल, घरकाम असेल, किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. आपल्याकडे जिल्हाधिकारी कचेरीत किंवा महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करायची. केंद्र सरकारचं 'शी-बॉक्स' नावाचं पोर्टल आहे, तिथूनही तक्रार जाते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. लिहिता येत असेल तर कागदपत्रांसह सहा प्रती द्यायच्या, आणि सातवी, पोच घेतलेली, आपल्या घरी.

या समित्या कागदावरच राहतात, हे गोव्यातल्या एका प्रकरणाच्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये सुनावलं आहे. त्यामुळे आपल्या ऑफिसात समिती आहे असं गृहीत धरू नका. कुणाबद्दल काही तक्रार नसतानाच एकदा नोटीस बोर्डाशी जाऊन बघा. हे लिहायला घेतल्यावर मी माझ्या एका मैत्रिणीला तिच्या ऑफिसात बघून यायला सांगितलं. दोनशे माणसांचं ऑफिस. बोर्ड होता, यादी होती, काचेच्या आत, कुलपात. अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं त्या बाई दीड वर्षापूर्वी निवृत्त झालेल्या, आणि दिलेला फोन नंबर आता कॅन्टीनमध्ये वाजतो. मैत्रिणीनं दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं पत्र दिलं, नवीन यादी लावावी म्हणून. "का हो मॅडम, काही झालंय का?" असं तिला त्या दिवशी चार वेगवेगळ्या लोकांनी विचारलं. यादी लागायला तीन आठवडे लागले. आता तिथे चार नावं आहेत, त्यांतलं एक बाहेरच्या संस्थेतल्या बाईंचं, आणि नंबर तिनं स्वतः फिरवून पाहिलाय.